अ‍ॅपची वापर-चाचणी कशी आखावी आणि कशी घ्यावी

अ‍ॅप बनवणारे त्याला इतके सरावलेले असतात की नवख्याला ते कुठे अडते, हे त्यांना दिसेनासे होते. म्हणून ज्यांच्यासाठी ते बनवले त्यांच्या हाती देऊन, शेजारी बसून पाहावे लागते. एका सहकारी बँकेच्या मराठी मोबाईल अ‍ॅपसाठी मी अशी चाचणी घेतली होती. तिच्याच आधाराने ही पद्धत सांगतो.

सर्वप्रथम प्रश्न नेमका करावा. ‘अ‍ॅप चांगले आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर चाचणीतून मिळत नाही. ‘आजवर शाखेत जाऊनच पैसे भरणाऱ्या खातेदाराला पहिल्या प्रयत्नात दुसऱ्याच्या खात्यावर पैसे पाठवता येतात का?’ याचे मिळते. आयएसओ 9241-11 हे वापरसुलभतेविषयीचे आंतरराष्ट्रीय मानकही ठरावीक वापरकर्ते, ठरावीक उद्दिष्टे आणि ठरावीक परिस्थिती यांच्याच संदर्भात तीन गोष्टी पाहायला सांगते: काम तडीस गेले का, त्याला किती वेळ आणि श्रम लागले, आणि वापरणाऱ्याचे समाधान झाले का.

माणसे किती हवीत, हा प्रश्न हमखास विचारला जातो. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन आणि थॉमस लँडॉवर यांनी 1993 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार एका व्यक्तीच्या चाचणीत सरासरी 31 टक्के अडचणी उघड होतात, आणि त्यावरून पाच जणांत सुमारे 85 टक्के सापडतात. मात्र हा हिशेब अडचणी शोधण्यापुरता आहे. दोन आराखड्यांची आकड्यांत तुलना करायची असेल तर पाच माणसे अगदीच अपुरी पडतात. निवड करताना ‘तुम्ही मोबाईल किती वापरता?’ असे विचारण्यापेक्षा ‘मागच्या वेळी पैसे कसे पाठवले होते?’ असे विचारावे. कार्यालयातले सहकारी आणि घरची मंडळी मात्र टाळावीत.

खरी मेहनत कामाच्या शब्दरचनेत आहे. ‘लाभार्थी जोडा या पर्यायातून नवीन खाते नोंदवा’ असे सांगितले, तर उत्तर आपणच सांगून टाकले. त्याऐवजी ‘भाचीला कॉलेजच्या फीसाठी दोन हजार रुपये पाठवायचे आहेत, तिच्या खात्याचा तपशील या कागदावर आहे’ असे म्हणावे. खाते चाचणीसाठीच तयार केलेले असावे. सहभागी व्यक्तीचे स्वतःचे खाते आणि पिन यांना कोणत्याही परिस्थितीत हात लावू नये. पाऊण तासात अशी चार-पाच कामे होतात. एखाद्या सहकाऱ्यावर एक रंगीत तालीम आधीच करून घ्यावी, म्हणजे संदिग्ध वाक्ये तिथेच कळतात.

प्रत्यक्ष चाचणीच्या आरंभी परीक्षा अ‍ॅपची आहे, हे स्पष्ट सांगावे, रेकॉर्डिंगसाठी लेखी संमती घ्यावी आणि मनात येईल ते बोलत राहण्याची विनंती करावी. त्यानंतर आपण गप्प बसायचे, आणि हेच सर्वांत अवघड जाते. ‘आता काय करू?’ असे विचारले गेले, तर ‘मी इथे नसतो, तर काय केले असते?’ एवढेच म्हणावे.

आमच्या चाचणीतल्या एका निवृत्त शिक्षिकेने मेनू तीन वेळा उघडला आणि तिन्ही वेळा त्यांचे बोट ‘लाभार्थी’ या शब्दावरून पुढे सरकले. मी मुकाट्याने वेळ टिपत राहिलो. काम संपल्यावर विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “ते सरकारी योजनेचं असेल ना? आम्हाला कुठली आलीय योजना!” ज्याला पैसे पाठवायचे त्याला म्हणणाऱ्या ‘बेनिफिशियरी’ या इंग्रजी शब्दाचा तो कोशातला प्रतिशब्द कार्यालयात कोणालाही खटकला नव्हता. अ‍ॅप कसे वाटले असे शेवटी विचारल्यावर मात्र त्यांनी “छान आहे हो, मेहनत घेतलीत” असे उत्तर दिले. आपल्याकडे समोरच्याला नावे ठेवणे अवघड वाटते, त्यामुळे अशा शाबासकीवर निष्कर्ष बेतू नयेत.

समाधान मोजण्यासाठी जॉन ब्रूक यांची एसयूएस (सिस्टीम युजेबिलिटी स्केल) ही दहा विधानांची प्रश्नावली वापरता येते. प्रत्येक विधानाला एक (पूर्ण असहमत) ते पाच (पूर्ण सहमत) असे गुण द्यायचे असतात. विषम क्रमांकाच्या विधानाच्या गुणातून एक वजा करावा, सम क्रमांकाच्या विधानाचे गुण पाचातून वजा करावेत आणि एकूण बेरजेला 2.5 ने गुणावे; शंभरपैकी 68 च्या आसपासचा गुणांक सर्वसाधारण मानला जातो. मराठी भाषांतरात ‘नाही’ असलेल्या विधानाला ‘असहमत’ म्हणताना लोक गोंधळतात, म्हणून विधाने वाचून दाखवावीत.

त्याच संध्याकाळी नोंदी लावाव्यात: एका रकान्यात डोळ्यांनी पाहिलेले, दुसऱ्यात त्यावरून केलेला तर्क. प्रत्येक अडचणीला शून्य ते चार (चार म्हणजे सर्वांत गंभीर) अशी तीव्रता द्यावी आणि काम पूर्णच होऊ न देणाऱ्या अडचणी आधी दुरुस्त कराव्यात. त्यानंतर नव्या माणसांसह पुन्हा चाचणी घ्यावी. आमच्या दुसऱ्या फेरीत ‘पैसे कोणाला पाठवायचे’ हा नवा पर्याय पाचही जणांनी चटकन ओळखला, आणि मग त्यांतले दोघे आयएफएससी कोडच्या पाचव्या जागी अडकले. तिथे नेहमी शून्य असते. त्यांनी इंग्रजी ‘ओ’ टाइप केला होता, आणि अ‍ॅप ‘अवैध’ यापलीकडे काहीच सांगत नव्हते.