सर्फबोर्ड बनवताना धूळ आणि वाफा कशा आवरायच्या (नुसता पंखा लावून मोकळे होऊ नका)

सर्फबोर्ड बनवायला घेतला की पहिला प्रश्न हमखास येतो, मास्क कुठला घेऊ? अहो मास्क शेवटी, आधी हवा. आता क्रमाने सांगतो, सोपं आधी उरकून टाकू.

पायरी 1: खोल्या वेगळ्या करा

फोम घासायची खोली एक, रेझिन (बोर्डावर लावायचं, सुकून कडक होणारं द्रव) लावायची दुसरी. एकच खोली असेल तर दिवस वेगळे ठेवा, मधे एक रात्र धूळ बसू द्या आणि मग व्हॅक्यूम मारा.

पायरी 2: धूळ उडते तिथेच धरा

प्लेनरला (विजेचा रंधा) आणि सँडरला (घासायचं यंत्र) व्हॅक्यूमचा पाइप जोडा. व्हॅक्यूमला हेपा फिल्टर हवाच (0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो तो), नाहीतर पुढून ओढलेली बारीक धूळ मागून परत तुमच्याच तोंडावर. झाडू नको, आणि काँप्रेसरच्या हवेने कपडे झटकणं तर अजिबात नको. पायाशी पडलेला फोमचा ढीग बघून घाबरू नका, तो पडलाय म्हणजे तो नाकात जाणार नाही. काम झाल्यावर लाइट बंद करून बॅटरी आडवी धरा, त्या झोतात जे चमचमत तरंगताना दिसतं ना, तासन्‌तास खाली बसत नाही, ते खरं त्रासाचं. रेझिनचा शेवटचा थर घासताना जमेल तिथे वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) वापरा, ओली धूळ उडत नाही, विषय संपला.

आणि हो, पीयू (पॉलियुरेथेन) फोम तापलेल्या तारेने कापू नका, कोणी कितीही सांगू दे. आयसोसायनेट आणि हायड्रोजन सायनाइडसारखे वायू निघतात त्यातून. तार ईपीएससाठी (थर्मोकोलसारखा फोम), आणि तीही चालू पंख्यापुढे.

पायरी 3: रेझिनच्या खोलीतली हवा

इथे मी दोन वर्षं मार खाल्लाय, म्हणून जरा सविस्तर.

सल्ला सगळीकडे एकच, एक्झॉस्ट फॅन लावा. लावला. खोली 6 मीटर बाय 3 मीटर, उंची अडीच, म्हणजे 45 घनमीटर, पंख्यावर लिहिलेलं तासाला 900 घनमीटर, म्हणजे कागदावर खोलीतली हवा तासाला 20 वेळा बदलणार, मी खूश. ओल्या रेझिनवर कचरा बसू नये म्हणून खिडक्या बंद केल्या, फटींना टेप मारली. पंखा दणदणीत आवाज करतोय आणि तरी संध्याकाळी डोकं ठणकतंय. कारण अगदी साधं होतं, हवा आत यायला जागाच ठेवली नव्हती, पंखा नुसता जागच्या जागी ओढत बसला होता. दार उघडताना हिसका द्यावा लागायचा तेव्हाच ट्यूब पेटायला हवी होती, नाही पेटली. आणि जी थोडीफार हवा येत होती ती कुठून, तर फोमच्या खोलीकडच्या दाराखालच्या बोटभर फटीतून! सकाळी येऊन हॉट कोटवर (रेझिनचा वरचा थर) हात फिरवला तर अख्खा डेक, म्हणजे बोर्डाची वरची बाजू, पॉलिश पेपरसारखा लागला, पांढरी भुकटी रेझिनमधे कायमची बसलेली. तो बोर्ड पुन्हा घासताना जी धूळ झाली ती वेगळीच.

तर आधी हवा आत कुठून येणार ते ठरवा, पंखा नंतर विकत घ्या. आत यायची जागा पंख्याच्या समोरच्या भिंतीत, बाहेरच्या स्वच्छ हवेकडे उघडणारी, आणि पंख्याच्या तोंडापेक्षा चांगली मोठी, मी तिप्पट ठेवलीय, तिच्यावर फिल्टर. जागा मोठी असली की हवा संथ येते, बोर्डावर काही उडवत नाही. मधल्या दाराखाली रबराची पट्टी, ती विसरू नका, माझं सगळं रामायण ती नसल्यामुळेच घडलं.

दुसरं, पंखा छताजवळ नको. पॉलिएस्टर रेझिनमधून निघणारी स्टायरीनची वाफ हवेच्या साडेतीन पट जड, ओल्या बोर्डावरून ती आधी खालीच घरंगळते. माझा पंखा बोर्डाच्या उंचीच्या थोडा खाली आहे. उभं राहायचं ते हवा येते त्या बाजूला, म्हणजे आधी तुम्ही, मग बोर्ड, मग पंखा. रेलवर (बोर्डाची कड) रेझिन ओढताना माणूस नकळत पलीकडे जाऊन वाकतो आणि सगळी वाफ नाकातून गाळून पंख्याकडे पाठवतो. तसं करू नका, बोर्ड फिरवा. छताचा पंखा बंद, तो वाफ काढत नाही, नुसती ढवळतो.

तपासायचं कसं? काही लोक अगरबत्तीचा धूर सोडून बघा म्हणतात. ॲसिटोन ठेवलेल्या खोलीत? ॲसिटोन उणे 20 अंशालाही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. त्यापेक्षा काठीला टिश्यूची बारीक पट्टी चिकटवा आणि बोर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. पट्टी सगळीकडे पंख्याकडे झुकली पाहिजे. माझ्याकडे एका कोपऱ्यात ती चक्क उलटी वळायची, तिथे रिकामं कपाट हवा अडवत होतं, ते हलवलं. पंख्याची मोटर हवेच्या वाटेबाहेर हवी नाहीतर स्फोटरोधक घ्या, आणि स्विच खोलीबाहेर.

नाकावर भरवसा ठेवू नका. स्टायरीनचा वास 1 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) खालीही कळतो म्हणून लोकांना वाटतं नाक सांगेलच, पण थोड्या वेळात नाक सरावतं आणि मग किती आहे ते कळतच नाही. अमेरिकेत ओशाची (कामगार सुरक्षेचे नियम करणारी सरकारी संस्था) मर्यादा 8 तासांच्या सरासरीला 100 पीपीएम आहे, तिथलीच संशोधन संस्था एनआयओएसएच 50 च धरा म्हणते, आणि 2018 साली आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था) स्टायरीनला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. "आम्ही वीस वर्षं उघड्यावर केलं, काय झालं?" हे माझ्यासमोर बोलू नका.

पायरी 4: मास्क

एन95 धुळीला ठीक, वाफेला शून्य. अर्धा चेहरा झाकणारा रबरी मास्क घ्या, त्याला सेंद्रिय वाफेची काडतुसं (अमेरिकन पद्धतीत काळा पट्टा, युरोपात ए प्रकार, तपकिरी) आणि वर पी100 (बारीक धूळ अडवणारा) फिल्टर. काडतुसं तळहातांनी झाकून श्वास आत ओढा, मास्क गालाला चिकटून राहिला तर बसलाय. दाढी असेल तर बसत नाही, मीही काढली, रडत काढली. काम झालं की काडतुसं झिपच्या पिशवीत बंद, खिळ्याला टांगून ठेवली तर कोळसा रात्रभर खोलीतली वाफ पीत बसतो आणि सकाळी तुम्ही मेलेलं काडतूस लावून फिरता.

पायरी 5: इपॉक्सीवाल्यांनी जास्त सांभाळा

इपॉक्सी हे रेझिन पॉलिएस्टरपेक्षा वेगळं, वास कमी म्हणून ते सुरक्षित, ही सगळ्यात वाईट अफवा. त्याच्या हार्डनरची (ते कडक व्हायला मिसळतात तो भाग) ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही, मग थोड्याशा संपर्कानेही अंगावर पुरळ. नायट्राइलचे हातमोजे घाला, आणि पूर्ण सुकल्याशिवाय घासू नका, अर्धवट सुकलेल्या थराची धूळ हीच मुख्य भानगड. हाताला कोरडा लागतो म्हणजे सुकला असं नाही, डब्यावर लिहिलेले दिवस मोजा.

पायरी 6: आवरताना

पॉलिएस्टर रेझिन कडक व्हायला घालतात तो कॅटॅलिस्ट, म्हणजे एमईकेपी, ओतताना चष्मा घालाच, डोळा कायमचा जाऊ शकतो. कालवून उरलेलं रेझिन डब्यात तसंच ठेवलं तर तापून धुरायला लागतं, ते पसरट भांड्यात ओतून खोलीबाहेर ठेवा. ॲसिटोनची फडकी झाकणाच्या लोखंडी डब्यात. आणि तुम्ही दमलात म्हणून पंखा बंद करू नका, बोर्ड हाताला चिकटायचा थांबेपर्यंत तो चालू राहू दे, मी खोलीतून निघून गेलो तरी माझा चालूच असतो.