इंग्रजीच्या तासाला लंडन शिकवताय? मग या चुका टाळा

लंडनचा धडा आला की बऱ्याच वर्गांत इंग्रजीचा तास जीकेचा होऊन जातो. राजधानी कोणती, नदी कोणती, मुलं धडाधड उत्तरं देतात, आपल्यालाही बरं वाटतं. पण त्याच मुलाला म्हणा, टॉवर ब्रिजला कसं जायचं ते इंग्रजीत विचारून दाखव, की गप्प. माहिती पाठ, वाक्य मात्र एकही नाही.

मुलं 'इन लंडन वन रिव्हर इज' म्हणतात, कारण डोक्यात 'लंडनमध्ये एक नदी आहे' चालू असतं. व्याकरण समजावत बसू नका, फोटो दाखवा आणि प्रत्येकाकडून 'देअर इज अ...' ने सुरू होणारं वाक्य काढून घ्या, पाच मिनिटं फक्त तेवढंच. दुसरं म्हणजे 'व्हिजिटेड टू द म्युझियम', त्यातला 'टू' उडवा, 'वेंट टू' असेल तरच तो हवा.

'द' चा घोळ तर विचारूच नका! आपल्याकडे असलं काही नाहीच, मग एकतर सगळीकडे लावतात नाहीतर कुठेच नाही. फळ्याचे दोन भाग करा, इकडे द टेम्स, द ब्रिटिश म्युझियम, द टॉवर ऑफ लंडन, तिकडे बकिंगहॅम पॅलेस, हाइड पार्क, ट्रफाल्गर स्क्वेअर, आणि इकडची नावं 'द' सकट, तिकडची 'द' शिवाय, अशीच तोंडात बसू द्या. (आणि हो, टेम्सच, थेम्स नाही, पेपरात काहीही छापू दे.)

जुने संवाद जसेच्या तसे घेऊ नका. बसमध्ये चढून 'टू टिकिट्स प्लीज' म्हणायचं नाटक अजून चालू असतं, पण लंडनच्या बसमध्ये 2014 पासून कॅश घेतच नाहीत, कार्ड टेकवायचं आणि आत. त्यापेक्षा 'डझ धिस बस गो टू...' शिकवा. राजवाड्यात राणीच्या जागी 2022 पासून राजे चार्ल्स आलेत, तेही बदला. दोन मनोऱ्यांचा फोटो लावून खाली लंडन ब्रिज लिहू नका, तो 1894 चा टॉवर ब्रिज, लंडन ब्रिज शेजारचा साधा काँक्रीटचा. बिग बेन ही खरं तर घंटा आहे, मनोऱ्याचं नाव 2012 पासून एलिझाबेथ टॉवर, पण तिकडची माणसंही मनोऱ्यालाच बिग बेन म्हणतात, उगाच मार्क कापू नका.

भूतकाळ शिकवताना किंग हेन्रीज रोडवरचं 10 नंबरचं घर घ्या. 1921-22 मध्ये बाबासाहेब तिथे राहायचे, 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. 'हू लिव्ह्ड हिअर?' विचारलं की मागच्या बाकावरूनही हात वर येतात.

तरी वर्ग गप्पच असेल तर जोड्या लावा. एकाच्या चिठ्ठीवर ब्रिटिश म्युझियमची वेळ आणि लंडन आय या भल्यामोठ्या पाळण्याची उंची 135 मीटर, दुसऱ्याच्या चिठ्ठीवर म्युझियमला प्रवेश फुकट आणि कोहिनूर टॉवर ऑफ लंडनमध्ये. एकमेकांना विचारून चिठ्ठी पुरी करायची. मुलं मराठीत सुरू झाली किंवा नुसतं डोकावून उतरवायला लागली तर पाठीला पाठ लावून बसवा आणि प्रश्नांचे पहिले दोन शब्द फळ्यावर लिहून ठेवा.