अडगळीच्या खोलीतून हातकामाचा तास कसा सुरू करावा

बहुतेक शाळांत एक खोली कायम कुलपात असते. मोडके बाक, फाटके नकाशे, गॅदरिंगचं उरलेलं सामान. तुमच्या वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास आहे आणि त्या तासाला गणिताचा पोर्शन पूर्ण होतो, असं असेल तर मुख्याध्यापकांकडून त्या खोलीची किल्ली मागून घ्या. मी आठवी-नववीला गणित आणि कार्यानुभव शिकवते. आमची सुरुवात तिथूनच झाली.

पहिलं काम असं निवडा की ते झालं नाही तर कुणाचं तरी अडेल. आइस्क्रीमच्या काड्यांचं घर प्रदर्शनानंतर माळ्यावर जातं. दुरुस्त केलेल्या बाकावर सोमवारी कुणीतरी बसणार असतं, आणि तो डुगडुगला तर कोणत्या गटाने केला हे सगळ्या वर्गाला ठाऊक असतं.

चार-चार मुलांचे गट करा, मुलं-मुली एकत्र. मुलांनी करवत आणि मुलींनी शिवण अशी वाटणी करू नका. आमच्याकडे काजं-बटणंही सगळेच शिकतात. प्रत्येक गटाने एक बाक घ्यायचा आणि हत्याराला हात लावण्याआधी त्याचं चित्र काढायचं: समोरून, बाजूने, वरून. इथे चित्रकलेच्या शिक्षकांना बरोबर घ्या. एलिमेंटरी या चित्रकलेच्या परीक्षेला मुलं वस्तुचित्र करतात, इंटरमिजिएटला घनभूमिती असते. तेच कौशल्य इथे कामाला येतं. आमच्या एका मुलीला चित्र काढतानाच दिसलं की तिच्या बाकाचा खालचा आडवा दांडा एका बाजूला नाहीच. आदल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी तो बाक हलवून पाहिला होता, तरी ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मग माप. या पायरीला दोन तास द्या, घाई करू नका. मुलांची पट्टी सेंटिमीटरची आणि सुताराची भाषा इंच-सुताची. एका इंचात आठ सूत, म्हणजे एक सूत साधारण तीन मिलिमीटर. ‘साडेसतरा इंच एक सूत’ हे माप वहीत अपूर्णांकात लिहायला सांगा. अर्धा म्हणजे चार सूत, त्यात एक मिळवला की पाच, म्हणून १७ पूर्णांक ५/८. छेद सारखे का करायचे हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवलं. गणिताच्या तासाला कधीच हात वर न करणाऱ्या मुलाने ते मेजरटेपवर बोट ठेवून बाकीच्यांना समजावलं, तेव्हा मी खडू खाली ठेवला.

आता सुतार. गावातल्या सुतारमामांना बोलवा आणि त्यांची रोजी द्या. शाळेचं काम म्हणून फुकट मागू नका. मुलं ते बघत असतात. शिरूर तालुक्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाने शाळांसाठी आठवी ते दहावीचा जो अभ्यासक्रम उभा केला, त्यात आठवड्याचा एक दिवस हातकामाचा असतो आणि शिकवणारे बरेचदा गावातलेच कारागीर असतात. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये तो आश्रम सुरू केला. जमलं तर तिथे एकदा जाऊन या.

कापण्याच्या दिवशी आमची एक चूक झाली, ती तुमची होऊ नये. सहा फुटी पट्टीतून दीड-दीड फुटाचे चार तुकडे हवे होते. मुलांनी हिशेब केला: अठरा चोक बहात्तर, बरोबर. पहिले तीन तुकडे नेमके आले आणि चौथा दोन सूत आखूड भरला. मुलं एकमेकांवर ढकलू लागली. मामा म्हणाले, “कुणी चुकलं नाही, करवत लाकूड खाते.” पात्याच्या जाडीएवढा भुसा प्रत्येक कापाला जातोच, तीन कापांत दोन सूत गेलं. तेव्हापासून आमच्या खरेदीच्या यादीत प्रत्येक पट्टी तीन इंच जास्त लिहिलेली असते. ही यादी आणि खर्चाचा अंदाज मुलांनीच करायचा, दुकानात भाव विचारायलाही तीच जातील.

चौकट जोडली की गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का ते बघायचं. समोरासमोरच्या बाजू सारख्या असल्या तरी चौकट तिरपी असू शकते, म्हणून दोन्ही कर्ण मोजायचे. सारखे आले की कोपरे काटकोनात. नववीच्या चौकोनाच्या धड्याआधी हे झालं तर तो धडा अर्ध्या वेळात होतो.

पॉलिशपेपर आधी ८० नंबरचा, मग १२०, शेवटी २२०, आणि नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने. आडवा घासला की ओरखडे उठतात आणि वॉर्निश लावल्यावर जास्तच दिसतात.

सुरक्षेचे नियम थोडे ठेवा पण मोडू देऊ नका. पायात बूट, केस बांधलेले, ओढणी खोचलेली. पटाशीच्या, म्हणजे लाकूड तासायच्या छिन्नीच्या, पुढे हात नाही. ड्रिल फक्त मामा चालवतील आणि तेही डोळ्यांवर चष्मा लावून. प्रथमोपचाराची पेटी ऑफिसच्या कपाटात नको, कामाच्या जागी हवी.

पालक येतील. “पोराला सुतार करायचं असतं तर शाळेत कशाला घातलं असतं?” असं एका वडिलांनी मला विचारलं. मला वाईट वाटलं, कारण मामा तिथेच रंधा मारत होते. मी त्या वडिलांना मुलाची वही दाखवली: आकृती, मापं, खर्चाचा तक्ता. ते बराच वेळ वही बघत राहिले. वाद घालण्यापेक्षा वही दाखवा. वरिष्ठांनी विचारलं तर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० दाखवा. सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना यावं आणि सुतार, माळी, कुंभार अशांकडे शिकावं, असं त्यात लिहिलेलं आहे. वर्ध्याला १९३७ साली गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणपद्धतीची मांडणी झाली तेव्हाही हातातल्या कामातून शिकणं हाच तिचा गाभा होता.

शेवटी प्रत्येक बाकाच्या मागे नंबर आणि तारीख ब्रशने घालायला सांगा, अक्षरलेखनाच्या तासाला शिकवलेल्या वळणात. नावं आतल्या बाजूला, फळीखाली. त्या आखूड पट्टीला आम्ही दोन सुताची पाचर मारली. तो सात नंबरचा बाक आठवी ब मध्ये खिडकीजवळ आहे आणि अजून डुगडुगत नाही.