पीएलसी बोलेना, पण दोष केबलचा नव्हताच

भोसरीतल्या एका पॅकिंग मशीनच्या पीएलसीत, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या कंट्रोलरमध्ये, टायमरची वेळ बदलायची होती. दोन मिनिटांचं काम, पण लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर पीएलसीला ओळखेचना. केबल बदलली, तरी तेच. शेवटी विंडोजमधली जोडलेल्या उपकरणांची यादी, म्हणजे डिव्हाइस मॅनेजर उघडला. लॅपटॉपच्या यूएसबीला पीएलसीची सिरियल केबल जोडणाऱ्या यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरला विंडोजने कॉम १४ हा पोर्ट नंबर दिला होता आणि आमचं जुनाट सॉफ्टवेअर कॉम ८ च्या पुढे बघतच नाही! पोर्ट सेटिंग्जच्या ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन कॉम ३ केला. तरी गप्पच. दोन्हीकडची संवादाची सेटिंग्ज जुळावी लागतात; या पीएलसीला ९६०० बॉड (वेग), ७ बिट, इव्हन पॅरिटी (चूक तपासण्याची पद्धत), १ स्टॉप बिट लागतं. माझ्याकडे ८ बिट, नो पॅरिटी होतं. ते बदललं आणि लगेच जोडणी झाली. आधी अपलोड करून, म्हणजे पीएलसीतून लॅपटॉपमध्ये घेऊन, मूळ प्रोग्रॅम जपून ठेवला. इथे डाउनलोड म्हणजे लॅपटॉपमधून पीएलसीत. मोबाइलच्या सवयीने डाउनलोडचं बटण दाबलं असतं तर जुना प्रोग्रॅम गेलाच होता.