गाडी मागून बसते तेव्हा: सामान कुठे ठेवावं, उंची कधी सावरावी

गाडी मागून बसली की पहिला संशय स्प्रिंगवर जातो. बऱ्याचदा स्प्रिंग ठणठणीत असते, चुकलेली असते ती सामानाची जागा.

समजा, पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर २.५ मीटर आहे आणि १०० किलोची पेटी मागच्या एक्सलच्याही १ मीटर मागे ठेवली. आता मागच्या एक्सलवर १०० नव्हे, १४० किलो वाढतात आणि पुढची चाकं ४० किलोंनी हलकी होतात. सी-सॉच म्हणा ना! तीच पेटी एक्सलच्या बरोबर वर ठेवली तर पुढचा भार तसाच राहतो. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग सैल लागतं, वळणावर गाडीचं नाक बाहेर जातं, पुढची चाकं ब्रेक दाबताच लवकर घसरतात आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

भरण्याआधी हिशेब करा. कमाल एकूण वजन १,७५० किलो आणि रिकामी गाडी १,२५० किलो असेल तर हाती उरतात ५००. त्यात ७० किलोंची पाच माणसं बसली की सामानाला फक्त १५०. (काही कंपन्या रिकाम्या वजनातच चालक धरतात, काही धरत नाहीत, मॅन्युअल बघा.) टपावरची मर्यादा वेगळी असते आणि बहुधा कॅरियरचं वजनही तिच्यातच मोजलं जातं.

जड वस्तू तळाला, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून, डाव्या-उजव्या बाजूंना सारख्या. मध्ये फट ठेवू नका. ब्रेक लागताच सामान ती फट वेग घेत ओलांडतं. बांधणी एवढी हवी की पुढच्या दिशेने वजनाच्या ८० टक्के आणि बाजूंना व मागे ५० टक्के जोर पेलेल. वरून टाकलेला पट्टा जमिनीशी ३० अंशांत असेल तर त्याच्या ताणाचा निम्माच जोर खाली दाबतो, म्हणून पट्टा जमेल तितका उभा घ्या. गाठ मारू नका, पट्टा तिथेच कमजोर होतो. थोडं अंतर गेल्यावर थांबून पुन्हा आवळा.

सपाट जागी, रिकाम्या गाडीत, प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. भरल्यावर पुन्हा मोजा. मागे थोडं बसणं स्वाभाविक आहे. पुढची बाजू उचलली गेली असेल तर सामान पुढे सरकवा. मागचे रबरी बंप स्टॉप (एक्सल गाडीच्या अंगावर आदळू नये म्हणून लावलेले ठोकळे) टेकले असतील तर सामान कमीच करा.

एवढं करूनही गाडी मागून बसत असेल, तर लेव्हलिंगचा, म्हणजे गाडीची उंची सावरणाऱ्या यंत्रणेचा विचार. स्वतः उंची सावरणारे शॉक अब्झॉर्बर रस्त्यावरच्या हालचालीनेच आतला दाब वाढवतात, म्हणून उभ्या गाडीत काही फरक दिसत नाही. थोडं चालल्यावर मागची बाजू वर येते. त्यांच्या जागी साधे शॉक बसवले तर गाडी कायम बसकी राहते, कारण भाराचा काही वाटा तेच उचलत असतात आणि स्प्रिंग मुद्दाम मऊ दिलेली असते. एअर सस्पेंशनमध्ये (स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर गाडी तोलणारी यंत्रणा) हवा गळत असेल तर कॉम्प्रेसर सतत चालून जळतो. जॅक लावण्याआधी ही यंत्रणा बंद करायलाच हवी.

कॉइल स्प्रिंगच्या आत बसणाऱ्या हवेच्या फुग्यांनी किंवा पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये घातलेल्या जादा पाट्यांनी मागची बाजू उचलली जाते, क्षमता वाढत नाही. एक्सल, टायर आणि ब्रेक तेच राहतात. उलट, गाडी सरळ दिसते म्हणून जास्तीचा भार डोळ्यांना कळत नाही. अशा गाडीत खरं सांगतो तो वजनकाटा, तोही दोन्ही एक्सल वेगवेगळे तोलले तर. काही पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब एक झडप एक्सल आणि चॅसिसमधल्या अंतरावरून ठरवते. तिथे मागची बाजू उचलली की झडपेला गाडी रिकामी वाटते आणि भरल्या गाडीत मागचे ब्रेक कमी लागतात. झडप नव्याने जुळवून घ्या.

निघताना टायर थंड असताना भरलेल्या गाडीसाठी दिलेला दाब भरा, हेडलाइटचा झोत त्याची उंची बदलणाऱ्या चकतीने भारानुसार खाली करा. सामान उतरवल्यावर दोन्ही पूर्ववत करा आणि फुग्यांतली हवा कमी करा, पण किमान दाबाखाली नको. रिकामा फुगा कॉइलमध्ये चिमटून फाटतो.