काटा, पट्टी आणि छातीवरचा सेन्सर: रविवारच्या मोजणीची तयारी

मोजणीसाठी खोली तळमजल्यावरची आणि रस्त्यापासून लांबची घ्या. गळीत हंगाम सुरू आहे. उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर सांगलीच्या विश्रामबागेतून गेला की वरच्या मजल्याची फरशी थरथरते, आणि आपल्याला पकडायचा हृदयाच्या ठोक्याचा धक्का त्यापुढे अगदीच किरकोळ असतो. मिरजेची रेल्वेगाडी जात असताना रेकॉर्डिंग थांबवू नका, एकाने वहीत वेळ टिपून ठेवली की पुरे. पंखा बंदच ठेवायचा. कुरकुर होईल, होऊ द्या.

उपकरणं तीन: लोडसेलचा (वजनाचा विजेचा सिग्नल करणाऱ्या सेन्सरचा) वजनकाटा, गादीखालची पीव्हीडीएफची (दाबली की वीज देणाऱ्या प्लास्टिकची) पट्टी आणि छातीवर चिकटवायचा ॲक्सेलरोमीटर, म्हणजे हालचालीचा वेग किती झटक्याने बदलतो ते मोजणारा सेन्सर. ही तिन्ही एकच गोष्ट मोजतात असं मनात धरून आलात तर संध्याकाळपर्यंत वाद घालत बसाल. हृदय रक्त बाहेर फेकतं तेव्हा अख्खं शरीर किंचित हलतं, ते काटा आणि पट्टी पकडतात. तो बॅलिस्टोकार्डिओग्राम. छातीच्या मधल्या हाडावर बसवलेला सेन्सर तिथल्या तिथली कंपनं घेतो, त्यात झडपा उघडल्या-मिटल्याच्या खुणाही येतात. तो सिस्मोकार्डिओग्राम. त्यामुळे ‘कुणाचा आलेख उंच’ हा रकाना तक्त्यातून आत्ताच खोडा. तुलना वेळेची करायची: ईसीजीच्या आर टोकापासून (हृदयाच्या विजेच्या आलेखात प्रत्येक ठोक्याला दिसणाऱ्या उंच टोकापासून) कोणती खूण किती मिलिसेकंदांनी येते आणि प्रत्येक ठोक्याला तितक्याच वेळाने येते का.

हा घोळ जुनाच आहे. काट्यावर उभ्या माणसाच्या नाडीबरोबर काटा हलतो, हे गॉर्डन नावाच्या संशोधकाने 1877 मध्येच नोंदवलं होतं. 1939 मध्ये अमेरिकी डॉक्टर आयझॅक स्टारने त्यासाठी ताठ स्प्रिंगांचा पलंग केला. पुढे कुणी सैल टांगलेले पलंग केले, कुणी नडगीवरच उपकरण बांधलं, आणि प्रत्येकाच्या आलेखाचा आकार वेगळा निघू लागला. पलंगाची स्वतःची डोलण्याची लय आलेखात मिसळत होती. आपल्या गादीचंही तेच होणार, तेव्हा जाड फोम नको. साधी कापसाची पातळ गादी आणि खाली फळी.

काट्याच्या डिस्प्लेवर विसंबू नका. तो आकडा सरासरी काढून दाखवतो आणि आपल्याला हवं तेच पुसून टाकतो. हृदयाचा धक्का असतो एक-दोन न्यूटन, म्हणजे वजनात शंभर-दोनशे ग्रॅमची चढउतार. लोडसेलच्या तारा थेट एचएक्स 711 ला, म्हणजे सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपला जोडा आणि त्याची रेट पिन 80 वर (सेकंदाला 80 नोंदी) आहे ना ते डोळ्यांनी बघा. बाजारातली बहुतेक बोर्डं 10 वर लावलेली येतात, आणि सेकंदाला 10 नोंदींत बॅलिस्टोकार्डिओग्राममधलं ‘जे’ (J) नावाचं मुख्य टोक सापडत नाही. हे टोक आर नंतर साधारण पाव सेकंदाने येतं, कधी थोडं आधी. एवढ्याशा अंतरात चिपचा स्वतःचा उशीर मिसळला तर तुलनेला अर्थ उरत नाही. म्हणून आदल्या दिवशी ॲक्सेलरोमीटर डबल टेपने काट्याच्या काचेवरच चिकटवा, शेजारी बोटाच्या पेराने टक्‌ करून मारा आणि दोन्ही आलेखांत तो ठोका कुठे उमटतो ते मोजा. असे वीसेक ठोके घ्या. जो फरक निघेल तो काट्याच्या वेळेतून वजा करायचा. पट्टीसाठीही हेच करा.

ॲक्सेलरोमीटर कोणता घेताय हेही बघा. एमपीयू 6050 हा सेन्सर स्वस्त आहे, पण त्याचा गोंगाट (सिग्नल नसतानाही दिसणारी थरथर) वीस हर्ट्झपर्यंत धरला तरी दोन मिली-जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या दोन हजारांशाच्या आसपास जातो. छातीवर चालून जातं, तिथली कंपनं त्याहून बरीच मोठी असतात. पण त्यानेच अख्ख्या शरीराची हालचाल मोजू म्हणाल तर आलेखात नुसतं गवत दिसेल. तिथे एडीएक्सएल 355 हा कमी गोंगाटाचा सेन्सर लागेल. सेन्सरवर बाणाने अक्ष काढून ठेवा. छातीवर मुख्यतः पुढे-मागे होणारी हालचाल बघायची, काट्यावर डोक्याकडून पायाकडे होणारी.

येणाऱ्यांना आधीच कळवा: पोटभर नाश्ता करून, वर दोन कप चहा ढोसून यायचं नाही. आल्यावर दहा मिनिटं शांत बसवा. श्वासाबरोबर आलेख चढतो-उतरतो, म्हणून नेहमीसारखा श्वास सोडून झाल्यावर दहा सेकंद थांबायला सांगा. छाती फुगवून रोखायला लावू नका, त्याने रक्तप्रवाहच बदलतो. प्रत्येकाला उपकरणांचा क्रम वेगळा द्या. मुलींसाठी पडदा आणि सेन्सर लावायला मुलगीच. पेसमेकर असलेल्यांना बोलवायचं नाही. कुणाचा आलेख वेडावाकडा आला तरी खोलीत त्यावर शेरेबाजी नको, आपली यंत्रं निदानाची नाहीत.

संमतीपत्रं, डबल टेप, स्पिरिट, कापूस, नवे इलेक्ट्रोड एका डब्यात भरा. लॅपटॉप शनिवारी रात्रीच चार्जिंगला लावा. अंगाला ईसीजीच्या तारा असताना चार्जर जोडायचा नाही, बॅटरी संपली तर तारा आधी काढायच्या.