क्लासिक गाडी रिस्टोरेशनला देताय? शॉप निवडताना या चुका टाळा

जुनी गाडी रिस्टोरेशनला द्यायची म्हटलं की बहुतेक जण शॉपमध्ये जाऊन आधी काय बघतात, तर तयार होऊन उभ्या असलेल्या गाड्या. रंग एकदम चकाचक, क्रोम झळाळतंय, आत नवीन सीट, आणि मग तिथल्या तिथे ठरवून मोकळे होतात. पण तुम्ही ज्या कामाचे पैसे मोजणार आहात त्यातलं बरंचसं काम त्या रंगाच्या खाली असतं, आणि एकदा रंग चढला की ते कुणालाच दिसत नाही, तुम्हालाही नाही आणि गाडी विकायला काढलीत तर घेणाऱ्यालाही नाही. त्यामुळे तयार गाडी बघून शॉप ठरवणं ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, बाकीच्या बऱ्याच चुका तिच्याच पोटातून निघतात.

अर्धवट उघडलेली गाडी बघितल्याशिवाय हो म्हणू नका

शॉपवाल्याला सरळ सांगा की मला पत्र्याचं काम चालू असलेली गाडी बघायचीये. चांगलं काम करणारा माणूस खूश होऊन दाखवतो, कारण त्याची खरी मेहनत तिथेच असते आणि ती कुणी विचारतच नाही. जो टाळाटाळ करतो, "आत्ता तिकडे जाता येणार नाही" म्हणतो, तिथून शांतपणे निघा.

बघायचं काय ते सांगतो. दारांच्या खाली दोन्ही बाजूंना जो लांब पोकळ भाग असतो, सिल, तिथून सुरुवात करा. ज्या गाड्यांना वेगळी चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, नसते त्यांचा भार बराचसा या सिलवर असतो आणि पाणी, चिखल साचून गंजही आधी तिथेच लागतो. आता हा सिल कापायचा असेल तर कापण्याआधी दारांच्या चौकटीत आडव्या-तिरक्या लोखंडी पट्ट्या तात्पुरत्या वेल्ड करून बॉडी धरून ठेवावी लागते, नाहीतर बॉडी मधून खचते आणि मग दारं परत कधीच नीट बसत नाहीत, कितीही बिजागऱ्या हलवा. शॉपमध्ये सिल कापलेली गाडी उभी आहे आणि आत एकही आधार नाही असं दिसलं तर तुम्हाला उत्तर मिळालं.

एमजीबीचं उदाहरण घ्या, १९६२ ते १९८० निघालेली ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी. तिचा सिल एकाच पत्र्याचा नसतो, बाहेरचा, मधला उभा आणि आतला असे थर मिळून तो बनतो. काही ठिकाणी काय करतात तर गंजलेला बाहेरचा पत्रा न काढता त्याच्यावरच नवीन पत्रा चढवतात, कडेने वेल्ड, वरून रंग, काम झालं. बाहेरून नवीकोरी दिसते, आत गंज जसाच्या तसा पुढे सरकत राहतो आणि ताकद तर परत आलेलीच नसते. जग्वार ई-टाईपमध्ये तर अजून अवघड, तिचं इंजिन ज्या चौकोनी नळ्यांच्या फ्रेमवर बसतं त्या नळ्या आतून गंजतात, बाहेरून हात फिरवून काही कळत नाही. या जागांबद्दल तुम्ही विचारायच्या आधी शॉपवाल्यानेच विषय काढला पाहिजे.

आणि हो, सुटे केलेले पार्ट कसे ठेवलेत तेही बघा. प्रत्येक पिशवीवर गाडीचं नाव, कुठला भाग, कुठले बोल्ट असं लिहिलेलं हवं, सोबत उघडतानाचे फोटो हवेत. तीन गाड्यांचे नटबोल्ट एकाच डब्यात पडलेले दिसले तर तुमचेही तिथेच पडणार.

पुट्टी आणि रंगाच्या बाबतीत काय फसतं

पुट्टी, म्हणजे पत्र्यावरचे खड्डे भरायचा लगदा, वाईट नसते, तिचा जाड थर वाईट असतो. पत्रा ठोकून जवळजवळ सरळ केल्यावर वरून दोन-तीन मिलिमीटरपर्यंत पुट्टी, हे सगळेच करतात. पण ठोकाठोकीचा कंटाळा करून खड्डाच पुट्टीने भरला की काही महिन्यांनी रंग खाली दबतो, कडा दिसायला लागतात, नाहीतर खाली ओल जाऊन फुगे येतात. हे गाडी ताब्यात घेताना दिसत नाही हीच तर अडचण आहे.

म्हणून शॉपने आधी तयार केलेली आणि निदान दोन-तीन वर्षं वापरात असलेली गाडी बघायला मागा, मालकाशी बोलणं करून द्यायला सांगा. रंगाची जाडी मोजायचं मीटर मिळालं तर फारच बरं. कारखान्यातून आलेला रंग साधारण १०० ते २०० मायक्रॉनच्या (१००० मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर) आसपास असतो, नीट परत रंगवलेली गाडी ३००-४०० दाखवेल, आणि एखाद्या जागी आकडा १००० च्या पुढे गेला तर तिथे खाली पुट्टी आहे असं समजा. लोहचुंबकही चालतो, जाड पुट्टीवर तो नीट चिकटत नाही, फक्त गाडी कुठली ते बघून. मर्सिडीजच्या पॅगोडा या जुन्या मॉडेलचे दरवाजे, बोनेट आणि डिकी ॲल्युमिनियमची आहे, जुन्या लँड रोव्हरची बॉडीही बरीचशी ॲल्युमिनियमची, तिथे चुंबक चिकटला नाही म्हणून उगाच शॉपवाल्याशी भांडू नका. तसंच जुन्या काळी कारखान्यातच पत्र्यांचे जोड शिशाने भरायचे, तो जाड थर म्हणजे लबाडी नव्हे.

जुना रंग कसा काढणार हा प्रश्न हमखास विचारा, कारण इथे गाडी कायमची बिघडू शकते. जाड वाळू जोरात मारली की बोनेट, दार, छत असे मोठे सपाट पत्रे ताणले जाऊन लाटा येतात आणि त्या परत जात नाहीत. सस्पेन्शनच्या जाड पार्टला तीच वाळू उत्तम. ॲसिडच्या टाकीत बुडवलं तर गंज आतपर्यंत निघतो पण जोडांच्या फटीत ॲसिड राहिलं तर रंगकामानंतर तिथूनच पाझरतं. म्हणजे कुठल्या भागाला काय वापरणार आणि नंतर ते कसं निष्प्रभ करणार, एवढं उत्तर नीट आलं पाहिजे. अजून एक, साधा प्रायमर मारून बॉडी महिनोन्महिने उघड्यावर ठेवलेली दिसली तर सावध व्हा, तो प्रायमर पाणी पितो आणि खाली गंज सुरू होतो. इपॉक्सी प्रायमर ओल बराच जास्त अडवतो, पण बॉडी छताखालीच हवी.

"आम्ही सगळ्या गाड्या करतो"

हे वाक्य ऐकलं की थोडं थांबा. कुशल कारागीर बरंच काही करू शकतो हे खरं, पण प्रत्येक मॉडेलच्या काही खोडी असतात आणि त्या ज्याला माहीत नाहीत तो तुमच्या गाडीवर शिकणार. सिट्रोएन डीएस या फ्रेंच गाडीच्या हायड्रॉलिक्समध्ये (दाबाच्या द्रवावर चालणाऱ्या यंत्रणेत) सुरुवातीच्या वर्षांत लाल फ्लुइड होतं, मग १९६६ च्या सुमारास हिरवं मिनरल फ्लुइड आलं, आणि एकाच्या जागी दुसरं भरलं की सगळी रबरी सील खराब, म्हणजे सस्पेन्शन, ब्रेक, स्टिअरिंग सगळंच बसतं. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असतो (एमजीबीतसुद्धा १९६७ मध्ये बदल होईपर्यंत तसंच होतं), हे न बघता कुणी नेहमीसारखी बॅटरी लावली तर नुकसान होतं. एमजी टीसी या जुन्या ब्रिटिश गाडीच्या इंजिनात तर आटे मेट्रिक आणि बोल्टची डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाची, म्हणजे चुकीचा पाना लावून डोकी गोल करायला पाच मिनिटं पुरतात.

तुमच्या मॉडेलच्या अशा दोन-तीन गोष्टी आधी वाचून जा आणि सहज बोलता बोलता विचारा. लगेच उत्तर नाही आलं तरी चालेल, "बघून सांगतो, मॅन्युअल आहे" म्हणणारा माणूस थापा मारणाऱ्यापेक्षा केव्हाही चांगला.

गाडी कशासाठी करताय हे न ठरवता देणं

स्पर्धेत उभी करायची गाडी आणि दर रविवारी चालवायची गाडी ही दोन वेगळी कामं आहेत, तास वेगळे, खर्च वेगळा. पूर्ण गाडी उघडून करायची तर हजार तास सहज जातात. चालवायची असेल तर हार्ड व्हॉल्व्ह सीट (इंजिनात व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती कडक धातूची कडी) आणि पेट्रोलमधल्या इथेनॉलला टिकणारे पाइप आधी, क्रोम नंतर. आणि गाडीचा मूळ रंग, मूळ सीट अजून शाबूत असेल तर उघडण्याआधी दहा वेळा विचार करा. फिवा ही जुन्या गाड्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिचं ट्युरिन चार्टर, म्हणजे जुन्या गाड्या कशा जपाव्यात याची सनद, तीही जपणुकीला महत्त्व देते, जेवढं वाचवता येईल तेवढं वाचवा, असाच तिचा रोख आहे. "सगळंच नवीन करून टाकू" म्हणणारं शॉप अशा गाडीसाठी चुकीचं.

इंजिन नंबर आणि चॅसी नंबरला हात लावायचा नाही, ग्राइंडर तर त्या बाजूला फिरकवायचाच नाही, हे लेखी घ्या. काढलेले सगळे जुने पार्ट, गंजलेलेसुद्धा, परत मागा, कारण नवीन पार्ट नीट बसला नाही तर मूळ माप त्याच्यावरूनच मिळतं.

तोंडी व्यवहार

गाडी न उघडता कुणी पूर्ण कामाचा पक्का आकडा सांगितला तर त्याने एकतर खूप वाढवून सांगितलंय किंवा मधे तो काम थांबवून अजून पैसे मागणार. त्यापेक्षा फक्त उघडणं आणि तपासणं एवढंच काम आधी वेगळं द्या, त्याचे वेगळे पैसे, मग गंज दिसल्यावर पुढचा अंदाज. पुढे टप्प्याटप्प्याने, झालेल्या कामाचेच पैसे, प्रत्येक बिलाबरोबर तासांचा हिशोब आणि फोटो. अर्ध्याहून जास्त रक्कम आधीच मागणारं शॉप बऱ्याचदा तुमच्या पैशांतून आधीच्या गिऱ्हाइकाची गाडी पूर्ण करत असतं. तुम्ही पैसे भरून आणलेले पार्ट तुमच्या मालकीचे, शॉपमध्ये आग लागली किंवा चोरी झाली तर विमा कुणाचा, काम थांबलं तर जागेचं भाडं लागणार का, हेही कागदावर हवं. गाडीची मूळ कागदपत्रं मात्र तुमच्याकडेच ठेवा, शॉपला झेरॉक्स पुरते.

अजून एक गोष्ट लोक स्वतःच करतात, मधे मधे कामं वाढवतात. "उघडलंच आहे तर हेही करा" असं फोनवर बोलायचं आणि बिल आल्यावर वाद घालायचा. वाढीव काम मेसेजवर लिहून, त्याची रक्कम मान्य करून मगच सुरू करायला सांगा.

गाडी आधीच अडकली असेल तर

महिनोन्महिने फोन उचलला जात नाही, गाडी तशीच उभी आहे, अशा वेळी आवाज चढवण्याआधी स्वतः जाऊन प्रत्येक भागाचे फोटो काढा आणि काय आहे, काय नाही याची यादी करून शॉपवाल्याची सही घ्या. मग उरलेलं काम आणि तारीख लेखी मागा. ती तारीखही टळली तर हिशोब पूर्ण करून गाडी हलवा. हलवताना घाई नको, छोटे पार्ट याच वेळी हरवतात, आणि दुसऱ्याने उघडलेली गाडी जोडायला नवीन शॉपला जास्त तास लागतील हेही धरून चला.

रंगावर फुगे आले असतील तर फक्त वरून पॅच मारायला तयार होऊ नका, एक फुगा तुमच्यासमोर पत्र्यापर्यंत घासायला सांगा. खाली स्वच्छ पत्रा निघाला तर दोष रंगाच्या तयारीत आहे, लाल गंज निघाला तर पत्र्याचं कामच राहिलंय, आणि दोन्हींचा खर्च कुणी करायचा हे त्यावर ठरतं.

गाडी तयार झाल्यावर पहिले काही शे किलोमीटर कोण चालवणार हे मात्र सुरुवातीलाच ठरवून घ्या. नवीन जोडलेल्या गाडीत तेल गळणं, ब्रेक एका बाजूला ओढणं, नट सैल होणं हे येतंच, त्यासाठी शॉपने स्वतः चाचणी घ्यायला हवी आणि ताबा घेतल्यावर तुम्ही केलेल्या यादीतली कामं एकदा तरी जादा पैसे न घेता करून द्यायला हवीत. शेवटचा हप्ता ती कामं झाल्यावरच द्या.